एजन्सीच्या साइटवरून काढलेलं विमानाचं तिकीट आणि बदललेली वेळ : काय करायचं, कोणत्या क्रमाने

आई-बाबांचं मुंबई ते ॲमस्टरडॅम तिकीट मी जानेवारीत एका बुकिंग साइटवरून काढलं होतं. आखातातल्या एका विमानतळावर विमान बदलायचं होतं आणि मध्ये दोन तास दहा मिनिटं होती. मार्च संपता संपता मेल आला : ‘आपल्या प्रवासाच्या वेळेत किरकोळ बदल’. खाली बटण होतं, ‘स्वीकारा’. ऑफिसला जाताना ट्राममध्ये मी ते दाबलं. आठवड्याने साताऱ्याहून बाबांचा फोन आला. त्यांनी नवा कागद छापून घेतला होता. म्हणाले, “अरे, मध्ये पस्तीसच मिनिटं दिसतायत. आईला व्हीलचेअर लागते, कसं जमायचं?”

पहिलं विमान एक तास पस्तीस मिनिटांनी पुढे गेलं होतं आणि दुसरं होतं तिथेच. पुढचे अकरा दिवस एजन्सी म्हणायची, विमान कंपनीशी बोला. कंपनी म्हणायची, तिकीट एजन्सीचं आहे, तेच बदलतील. शेवटी एक पैसाही जास्त न भरता दुसरं विमान मिळालं. तेव्हापासून इथल्या ओळखीच्या बऱ्याच मराठी घरांची अशी तिकिटं सोडवायला बसलोय. आई-वडिलांना पहिल्यांदा बोलावणाऱ्यांसाठी आणि पहिल्यांदाच स्वतः तिकीट काढणाऱ्यांसाठी हे सगळं एका जागी लिहितो.

आधी एवढं समजून घ्या

विमान कंपन्यांची वेळापत्रकं वर्षातून दोनदा पालटतात. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी लागू होतं आणि हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. युरोपातली घड्याळं त्याच दिवशी पुढे-मागे होतात, आपली होत नाहीत. म्हणून नेदरलँड्स आणि भारताच्या घड्याळांतलं अंतर उन्हाळ्यात साडेतीन तास असतं आणि हिवाळ्यात साडेचार. या दोन रविवारांच्या आधी काढलेलं आणि नंतरच्या प्रवासाचं तिकीट असेल, तर वेळ थोडीफार हलणार हे धरूनच चाला.

वेळ बदलली की कंपनी तो निरोप आरक्षणाच्या संगणकात टाकते. तुमचं बुकिंग एजन्सीने केलेलं असल्यामुळे निरोप एजन्सीच्या रांगेत जाऊन पडतो. तिथे तो कोणीतरी, किंवा एखादी यंत्रणा, उघडते आणि तुम्हाला मेल पाठवते. तुम्ही हो म्हणालात की एजन्सीने नव्या वेळेप्रमाणे तिकीट पुन्हा काढायचं असतं. त्याला धंद्यात ‘रीइश्यू’ म्हणतात. बहुतेक घोटाळे इथेच होतात. बुकिंग वेगळं आणि तिकीट वेगळं. बुकिंगमध्ये नवी वेळ दिसत असते, पण तिकीट अजून जुन्याच विमानाचं असू शकतं. मग चेक-इनच्या काउंटरवर ऐकायला मिळतं, “तुमचं आरक्षण दिसतंय, पण तिकीट दिसत नाही.” एजन्सीचं कॉल सेंटर त्या वेळी लागेलच असं नाही.

१. तीन नंबर लिहून ठेवा

तिकीट काढल्या दिवशीच हे करा.

पहिला, एजन्सीचा बुकिंग नंबर. तो फक्त एजन्सीला कळतो. विमान कंपनीला सांगून उपयोग नाही.

दुसरा, विमान कंपनीचा पीएनआर, सहा अक्षर-अंकांचा. एजन्सीच्या मेलमध्ये कधी कधी दोन पीएनआर असतात, एक आरक्षण यंत्रणेचा आणि एक कंपनीचा. कंपनीच्या साइटवर जो उघडतो तो तुमच्या कामाचा.

तिसरा, तेरा आकडी ई-तिकीट नंबर. त्याचे पहिले तीन आकडे तिकीट कोणत्या कंपनीचं आहे ते सांगतात. ०९८ म्हणजे एअर इंडिया, १७६ एमिरेट्स, १५७ कतार एअरवेज, २२० लुफ्तान्सा, ०७४ केएलएम. विमान एका कंपनीचं आणि तिकीट दुसऱ्या कंपनीचं, असं भागीदारीतल्या उड्डाणांवर सर्रास होतं. बदलाचं बोलणं ज्याचं तिकीट त्याच्याशी करायचं. हे माहीत नसल्यामुळे माझ्या एका मित्राचे चार दिवस चुकीच्या कंपनीला फोन करण्यात गेले.

प्रत्येक प्रवाशाचा तिकीट नंबर वेगळा असतो. आई-बाबा दोघे असतील तर दोन नंबर लिहा.

२. मेलची वाट बघू नका

कंपनीच्या साइटवर किंवा ॲपवर पीएनआर आणि आडनाव टाकून बुकिंग उघडा. त्यात संपर्कासाठी कोणाचा मेल आणि मोबाइल आहे ते बघा. काही एजन्सी तिथे स्वतःचाच मेल टाकतात, त्यामुळे कंपनीने पाठवलेला निरोप तुमच्यापर्यंत येतच नाही. तुमचा मेल आणि नंबर तिथे घाला. साइटवर जमत नसेल तर फोन करून घालून घ्या. भारतातल्या नियमानुसार, बुकिंग करताना पुरेसा संपर्क दिलेला नसेल तर रद्द उड्डाणाची भरपाई मिळत नाही, म्हणून ही गोष्ट पैशाचीसुद्धा आहे.

पहिले काही महिने पंधरा दिवसांतून एकदा बुकिंग उघडून बघा, शेवटच्या महिन्यात आठवड्यातून एकदा आणि शेवटच्या तीन दिवसांत रोज.

३. नवी वेळ नीट वाचा

मी ट्राममध्ये जे केलं नाही ते हे. जुना कागद शेजारी ठेवून ओळीनं ताडा.

तारीख. मुंबईहून परदेशी जाणारी पुष्कळ विमानं मध्यरात्रीच्या आसपास सुटतात. १२ तारखेचं ००:४० चं विमान ५० मिनिटं अलीकडे आलं की ते ११ तारखेला २३:५० ला सुटतं. मेलमध्ये ‘५० मिनिटांचा बदल’ एवढंच दिसतं, पण साताऱ्याहून गाडी आदल्या दिवशी सांगायला हवी. ज्यांना ‘१२ ची फ्लाइट’ एवढंच पाठ आहे त्यांचं विमान हुकतं.

मधला वेळ. आधीच्या विमानाची उतरण्याची वेळ आणि पुढच्याची सुटण्याची वेळ स्वतः वजा करून बघा. प्रत्येक विमानतळाचा एक किमान बदलीचा वेळ ठरलेला असतो, त्यापेक्षा कमी झाला तर कंपनीने पर्याय द्यायलाच हवा. पण कागदावर वेळ पुरेसा असला तरी व्हीलचेअरवरच्या माणसाला किंवा लहान मूल घेऊन निघालेल्या बाईला तो पुरेलच असं नाही. फोनवर हे स्पष्ट सांगा. उलट मधला वेळ चौदा-पंधरा तासांचा झाला असेल तर हॉटेल मिळेल का, विमानतळाबाहेर जायला व्हिसा लागेल का, हेही बघावं लागतं.

विमानतळ आणि टर्मिनल. गोव्यात दाबोळी आणि मोपा हे दोन वेगळे विमानतळ आहेत, एक दक्षिणेकडे, एक उत्तरेच्या टोकाला. नवी मुंबईहून २५ डिसेंबर २०२५ पासून उड्डाणं सुरू झाल्यावर ‘मुंबई’ या शब्दाचेही दोन अर्थ झाले आहेत. नव्या कागदावर विमानतळाचं नाव पूर्ण वाचा.

मार्ग. पर्याय म्हणून कंपनी वेगळ्याच शहरातून नेते तेव्हा ट्रान्झिट व्हिसाचा प्रश्न येतो. अमेरिकेत नुसतं विमान बदलायलासुद्धा भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो. लंडनमधून जातानाही लागतो, अमेरिकेचा वैध व्हिसा असणाऱ्यांसारखे काही अपवाद सोडून. कंपनीचा संगणक पर्याय सुचवताना तुमचा व्हिसा बघत नाही.

४. ‘स्वीकारा’ दाबू नका, ‘रद्द करा’ तर मुळीच दाबू नका

स्वीकारलं की तुम्हाला बदल मान्य आहे असं नोंदलं जातं. नंतर दुसरं विमान मागायला गेलात की कंपनी तेच पुढे करते. माझ्या बाबतीत तेच झालं आणि अकरा दिवसांतले निम्मे त्यातच गेले.

‘रद्द करा’ त्याहून वाईट. एजन्सीच्या साइटवरचं नेहमीचं रद्द करण्याचं बटण म्हणजे तुम्ही स्वतःहून प्रवास सोडला असा अर्थ होतो. मग कंपनीचा दंड आणि एजन्सीचं शुल्क दोन्ही कापलं जातं. वेळापत्रक कंपनीने बदललंय, त्यामुळे हा बदल तुमच्यावर लादलेला आहे. धंद्यातला शब्द ‘इनव्हॉलन्टरी’. फोनवर आणि मेलमध्ये हा शब्द जसाच्या तसा वापरा. समोरच्याला तो लगेच कळतो.

काही मेलमध्ये लिहिलेलं असतं की अमुक तासांत उत्तर दिलं नाही तर बदल मान्य आहे असं धरू. तसं असेल तर त्याच मेलला एक ओळीचं उत्तर पाठवा : ‘हा बदल मला मान्य नाही, पर्याय हवा आहे, कृपया बुकिंग रद्द करू नये.’ तारीख-वेळेसह पुरावा तयार होतो.

आणखी एक. पहिलं विमान सोडून मधूनच प्रवास सुरू करायचा विचार मनात आणू नका. तिकिटातला पहिला टप्पा न घेतल्यास पुढचे सगळे टप्पे, परतीच्या प्रवासासकट, रद्द होतात.

५. पर्याय स्वतः शोधून मग फोन करा

कॉल सेंटरवरच्या माणसाला ‘काहीतरी चांगलं बघा’ म्हटलं तर जे पहिलं दिसेल ते मिळतं. त्यापेक्षा त्याच कंपनीची, त्याच दिवसाची, आदल्या आणि दुसऱ्या दिवसाची विमानं तिच्या साइटवर बघून ठेवा. उड्डाण क्रमांक आणि वेळा लिहा, पसंतीच्या क्रमाने तीन. आजचं भाडं कितीही दिसत असलं तरी घाबरू नका. लादलेल्या बदलात साधारणपणे भाड्यातला फरक घेत नाहीत, फक्त त्या विमानात जागा असावी लागते.

परतावा घ्यायची घाई करू नका. जानेवारीत पन्नास हजारांत मिळालेलं तिकीट मे महिन्यात त्या भावात मिळत नाही. आधी पर्याय मागा. तो खरंच जमत नसेल तरच पैसे परत मागा.

फोनजवळ एवढं ठेवा :

- तीन नंबर, प्रत्येक प्रवाशाचे
- जुना प्रवासाचा कागद आणि नव्या वेळेचा मेल किंवा स्क्रीनशॉट
- पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती
- पैसे भरल्याची पावती, कार्डाचं स्टेटमेंट
- व्हीलचेअर, खास जेवण, विकत घेतलेली सीट, जादा सामान यांच्या पावत्या
- पसंतीचे तीन पर्याय
- वही : कोणाशी, किती वाजता, काय बोलणं झालं, तक्रार क्रमांक काय

६. आधी कंपनी, मग एजन्सी, मग पुन्हा कंपनी

नियमाप्रमाणे बदल एजन्सीने करायचा असतो. तरी मी आधी कंपनीला फोन करतो. कंपनी बहुतेक वेळा तिकीट हाताळत नाही, पण बुकिंगमध्ये शेरा लिहू शकते की अमुक उड्डाणावर विनाशुल्क बदल मंजूर आहे. आमची गाडी या शेऱ्यानेच सुटली. एजन्सीचा माणूस नुसता नाही म्हणत होता, शेरा वाचल्यावर वीस मिनिटांत तयार झाला.

कंपनीला असं सांगा : “वेळापत्रक बदलल्यामुळे माझं पुढचं विमान मिळणार नाही. मला अमुक क्रमांकाच्या विमानावर इनव्हॉलन्टरी बदल हवा आहे. जागा दिसतेय. तुम्ही करू शकत असाल तर करा. नसाल तर एजन्सीला परवानगी दिल्याचा शेरा बुकिंगमध्ये लिहा आणि मला वाचून दाखवा.” वाचून दाखवा हे विसरू नका. लिहितो म्हणणारे सगळेच लिहीत नाहीत.

मग एजन्सीला फोन करून शेऱ्याची तारीख सांगा. ते सेवाशुल्क मागतील. बदल कंपनीने केलाय, शुल्क कशाचं, हे शांतपणे विचारा. अडून बसले तर वरिष्ठांशी बोलायचं म्हणा. फोन ठेवल्यावर तेच सगळं मेलने पाठवा.

नंबर कुठून घ्यायचा, हे नीट ऐका. गूगलवर ‘अमुक एअरलाइन कस्टमर केअर’ शोधून वर येणारा नंबर लावू नका. असे बनावट नंबर टाकून बसलेल्या टोळ्या आहेत. ते परतावा देतो म्हणून मोबाइलवर स्क्रीन दाखवणारं ॲप घ्यायला लावतात, ओटीपी मागतात आणि खातं रिकामं करतात. नंबर तिकिटाच्या मेलमधून किंवा कंपनीच्या स्वतःच्या ॲपमधूनच घ्या. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा. गावाकडे एकट्या राहणाऱ्या आई-वडिलांना हे आवर्जून सांगा, कारण मेल बघून घाबरून फोन लावणारे तेच असतात.

७. तिकीट खरंच नव्याने निघालं का, हे बघा

एजन्सी ‘झालं’ म्हणाली की काम झालं असं समजू नका. नवा ई-तिकीटाचा कागद मागा. रीइश्यू झालं असेल तर बहुधा तिकीट नंबर बदललेला असतो. काही वेळा जुन्याच नंबरावर नवी वेळ चढवतात. म्हणून दुसऱ्या दिवशी कंपनीला फोन करून एकच प्रश्न विचारा : “माझं तिकीट नव्या उड्डाणांशी जोडलेलं आहे का?” हो म्हणाले तर नंबर विचारून कागदाशी ताडा.

मग बाकीच्या गोष्टी तपासा. विमान बदललं की सीट, जेवण, व्हीलचेअर, जादा सामान या नोंदी पुष्कळदा नव्या उड्डाणावर येत नाहीत. आमच्या आईची व्हीलचेअर पहिल्या टप्प्यावर होती, दुसऱ्यावर गायब. प्रत्येक टप्प्यासाठी वेगळं विचारा. पैसे देऊन घेतलेली सीट मिळाली नाही तर तिचे पैसे परत मागा.

८. वेगवेगळी तिकिटं असतील तर

काही साइट स्वस्त पडतं म्हणून दोन कंपन्यांची दोन स्वतंत्र तिकिटं एकत्र विकतात. बारीक अक्षरात ‘सेल्फ ट्रान्सफर’ लिहिलेलं असतं. एकाची वेळ बदलून दुसरं चुकलं तर दोन्ही कंपन्या हात वर करतात, कारण त्यांच्या दृष्टीने ते दोन वेगळे प्रवास असतात. नागपूरहून मुंबई वेगळ्या तिकिटावर आणि पुढे परदेशी, हेही तसंच. अशा वेळी एजन्सीने स्वतःची काही हमी दिली असेल तर तीच धरायची. नसेल तर स्वस्तातल्या स्वस्तात कोणतं तिकीट बदलता येईल ते बघायचं. वयस्कर माणसांसाठी मी अशी तिकिटं काढतच नाही. तीन-चार हजार वाचतात, पण एका बदलात सगळे जातात.

९. नियम तुमच्या बाजूला कुठे आहेत

सगळे नियम पाठ करायची गरज नाही. तुमच्या प्रवासाला कोणता लागू होतो तेवढा माहीत असू द्या.

भारतातल्या कंपन्यांना डीजीसीएचे, म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, नियम आहेत. उड्डाण रद्द होत असेल तर दोन आठवडे आधी कळवून दुसरं विमान किंवा परतावा, प्रवाशाला मान्य असेल ते द्यायचं. २४ तास आधीपर्यंतही न कळवता रद्द केलं तर भरपाई द्यावी लागते : तासाभराच्या उड्डाणाला ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५००, त्यापुढे १०,०००, किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी असेल ते. हवामानासारख्या कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना भरपाई नाही. देशांतर्गत उड्डाणाला सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर कंपनीने २४ तासांहून आधी कळवून सहा तासांच्या आतलं दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा द्यायचा. आणि महत्त्वाचं, तिकीट एजंटकडून किंवा पोर्टलवरून घेतलं असलं तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच आहे, कारण एजंट हे तिचेच प्रतिनिधी आहेत. ‘एजन्सीला विचारा’ म्हणणाऱ्या भारतीय कंपनीला हे वाक्य मेलमध्ये लिहून पाठवा.

युरोपीय संघाचा नियम २६१/२००४ तिथून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला लागू होतो. तिकडे जाणाऱ्या विमानाला मात्र कंपनी युरोपीय असेल तरच. म्हणून आमच्या आई-बाबांच्या येण्याला तो लागू नव्हता, जाण्याला होता. १४ दिवसांपेक्षा कमी मुदत देऊन उड्डाण रद्द केलं तर अंतराप्रमाणे २५०, ४०० किंवा ६०० युरो भरपाई मागता येते, अपवाद आहेत. विमान एका तासाहून जास्त अलीकडे आणलं तर तेही रद्द केल्यासारखंच धरतात. आपल्या विषयाला तर एक निकाल थेट लागू पडतो. ॲमस्टरडॅम ते पारामारिबो हे १४ नोव्हेंबर २०१४ चं सुरिनाम एअरवेजचं उड्डाण रद्द झालं. कंपनीने एजन्सीला ९ ऑक्टोबरला कळवलं होतं, पण एजन्सीने प्रवाशाला ४ नोव्हेंबरला सांगितलं. युरोपीय न्यायालयाने ११ मे २०१७ ला ठरवलं की प्रवाशाला वेळेत कळलं नाही, म्हणून भरपाई कंपनीनेच द्यायची. ‘आम्ही एजन्सीला सांगितलं होतं’ हे उत्तर तिथे चालत नाही.

अमेरिकेला जाणाऱ्या, तिथून येणाऱ्या किंवा तिथल्या तिथे उडणाऱ्या विमानांना २०२४ चे परताव्याचे नियम आहेत. आंतरराष्ट्रीय विमान सहा तास, देशांतर्गत तीन तास अलीकडे सुटत किंवा उशिरा पोहोचत असेल, विमानतळ बदलला असेल किंवा टप्पे वाढले असतील आणि तुम्ही पर्याय नाकारला असेल, तर पैसे परत मिळायला हवेत. ते कोणी द्यायचे? कार्डाच्या स्टेटमेंटवर ज्याचं नाव आहे त्याने. एजन्सीचं नाव असेल तर एजन्सीने.

१०. तरीही कोणी ऐकलं नाही तर

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा. त्यांची माहिती साइटवर असते. मग केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाका. मेलच्या प्रती जोडा, मजकूर तारखांच्या क्रमाने दहा-बारा ओळींत ठेवा. एजन्सीविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ ला, फोन करा. त्याहीपुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, कंपनीचं ऑफिस गुरुग्रामला असलं तरी साताऱ्यात.

पैसे कार्डाने भरले असतील तर बँकेकडे ‘चार्जबॅक’ मागता येतो, म्हणजे कार्डावरून गेलेले पैसे बँकेमार्फत परत मागता येतात. त्याला मुदत असते, म्हणून परताव्याचं नुसतं आश्वासन देत महिनोन्‌महिने झुलवत ठेवलं जात असेल तर बँकेत आधी नोंद करून ठेवा. पण तिकीट अजून वापरायचं असेल तेव्हा चार्जबॅक करू नका, बुकिंगच रद्द होईल.

११. निघायच्या आदल्या दिवशी

चेक-इन ऑनलाइन करून बघा. बोर्डिंग पास निघाला तर तिकीट आणि बुकिंग जुळलेलं आहे. निघाला नाही तर त्याच क्षणी कंपनीला फोन करा. उड्डाणाच्या अगदी जवळ, आणि विमानतळावर तर नक्कीच, कंपनी स्वतः तिकीट हाताळते, ‘एजन्सीकडे जा’ हे तेव्हा ऐकून घेऊ नका. वडीलधारी माणसं एकटी प्रवास करत असतील तर त्यांच्या हातात एक कागद द्या. वर मोठ्या अक्षरात पीएनआर, तिकीट नंबर, नवी तारीख-वेळ आणि तुमचा फोन. खाली इंग्रजीत एक ओळ की वेळापत्रक बदलल्याने तिकीट पुन्हा काढलेलं आहे आणि व्हीलचेअर दोन्ही टप्प्यांवर हवी आहे. बाबांनी तो कागद पासपोर्टच्या पाकिटात घडी घालून ठेवला होता. आखातातल्या विमानतळावर व्हीलचेअर घेऊन आलेल्या मुलाला त्यांनी तोच दाखवला, आणि तो आईला घेऊन सरळ पुढच्या विमानाच्या दारापर्यंत गेला.